चौपन्न पिशव्या

वर्नाने चिकाचा कस मोजायच्या मीटरच्या काचेवर एक थेंब टाकला, झाकण दाबलं आणि एक डोळा मिटून ते गोठ्याच्या खिडकीकडे धरलं. अकरा. तिने काच शर्टाच्या टोकाने पुसली आणि दुसरा थेंब टाकला. पुन्हा अकराच. बावीसच्या खालचा चीक वासराला पाजला काय आणि न पाजला काय, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. तेव्हा मीटर नव्हतं, एवढंच. आई चिकात बोट बुडवायची, आणि बोट दिसेनासं झालं की मान डोलवायची.

पॅन्सीच्या बादलीत आज बोट नखापर्यंत स्वच्छ दिसत होतं.

चूक कुणाची, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. तीन दिवस पॅन्सीचे सड गळत होते. वर्ना चीक काढून ठेवायचा सोडून रोज तिच्या पाठीवर थाप मारून म्हणत होती, आज रात्री व्यायेल, आज रात्री नक्की. अकरा वर्षांच्या गाईला एवढी घाई नव्हती. घट्ट पिवळा चीक थेंबाथेंबाने पेंढ्यात गेला, आणि व्याली तेव्हा कासेत उरलं ते नुसतं पिवळसर पाणी.

वासरू मात्र झकास होतं. कालवड होती. वर्नाच्या आईने आणलेल्या पहिल्या जर्सी गाईच्या वंशात आता एकटी पॅन्सी उरली होती, आणि गेली चार वर्षं तिला ओळीने गोऱ्हेच होत होते. वर्नाने लग्न केलं नव्हतं, सत्तावन्नाव्या वर्षी आता करणारही नव्हती. तिचं घराणं म्हणायचं तर ते हेच. ही कालवड साडेसहाला जन्मली होती. तिच्या पोटात चांगला चीक जायला सहा तास होते. त्यानंतर कितीही पाजला तरी तो अंगी लागत नाही, आणि मग पहिल्या जुलाबात वासरू हातचं जातं.

आणि चीक नव्हता असंही नाही. तोच तर सगळा वैताग होता. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये पांढराशुभ्र फ्रीझर उभा होता, वर्नाच्या पलंगाहून लांब, आणि त्यात पहिल्या धारेच्या उत्तम चिकाच्या चौपन्न पिशव्या दगडासारख्या गोठून पडल्या होत्या. झाकणावर कंपनीचं चित्र चिकटवलेलं होतं: एक तरुण बाई डोळे मिटून स्वतःच्या गालाला हात लावते आहे. झाकणाच्या कडीत लाल प्लास्टिकचं सील होतं, त्यावर नंबर.

कंपनी मिनिअ‍ॅपोलिसची. चिकाचं क्रीम करायची, चेहऱ्याला लावायचं, सुरकुत्या जाण्यासाठी. आजूबाजूच्या नऊ गोठ्यांचा चीक वर्नाच्या शेडमध्ये जमा व्हायचा. शुक्रवारी कंपनीचा माणूस येऊन पिशव्या मोजून सील लावायचा, सोमवारी ट्रक यायचा. सील तुटलेलं दिसलं तर केंद्र बंद, इतका साधा नियम होता. या केंद्राचे पैसे येत होते म्हणून वर्नाच्या अठरा गाई अजून गोठ्यात होत्या.

पूर्वी प्रत्येकाच्या घरच्या फ्रीझरमध्ये, मटाराच्या आणि हरणाच्या मटणाच्या पिशव्यांच्या खाली, चिकाच्या चारपाच पिशव्या असायच्या. कुणाची गाय आटली, कुणाची व्यायल्यावर मेली, की शेजारी जाऊन एक पिशवी आणायची. ती परत कधी करणार हे कुणी विचारत नसे. दीड वर्षापूर्वी वर्नाच घरोघर कंपनीचे फॉर्म घेऊन फिरली होती. घरात पडून राहतो तो चीक वाया जातो, असं तिने प्रत्येक स्वयंपाकघरात बसून, प्रत्येकाची कॉफी पीत सांगितलं होतं.

तिने फोन उचलला. जनावरांचा डॉक्टर सत्तर मैलांवर एका अडलेल्या घोडीपाशी होता. चिकाची पावडर मिळते ते दुकान रविवारचं बंद. घरातलं पावडरचं पाकीट तिने कपाटाच्या मागून ओढून काढलं तर त्याला उंदरांनी खालून भोक पाडलं होतं. मग तिने शेजारच्या गॉर्डनला फोन लावला. त्याचा गोठा तिच्याहून दुप्पट मोठा.

"घरी एकही पिशवी नाही?" तिने विचारलं.

"एकही नाही. तूच म्हणालीस ना, वाया जातो म्हणून?" गॉर्डन हसला. मग त्याला वासराची आठवण झाली असावी. "वाईट वाटतं गं. डार्लीनकडे बघितलंस?"

डार्लीनकडे तिने बघितलं नव्हतं. मुद्दामच.

फेब्रुवारीत डार्लीन तिच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली होती, अंगावर हिवाळी कोट, पायात घरातल्या सपाता. तिची गाय व्याल्याबरोबर मेली होती. माझ्याच पिशव्यांतली एक दे, म्हणाली. वर्ना म्हणाली होती, सील आहे. एकीसाठी तोडलं तर सगळ्यांसाठी तोडावं लागेल. ती ते अगदी शांतपणे बोलली होती, आणि त्या शांतपणाचा तिला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता.

नऊ वाजले तेव्हा वर्ना चिखलातून गाडी काढत डार्लीनच्या अंगणात शिरली. एप्रिलचा चिखल. बर्फ वितळून रस्त्याची नुसती लापशी झाली होती. डार्लीन चर्चला जायच्या कपड्यांवर रबरी बूट घालून गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्यामागे कुठेतरी एक वासरू खोकत होतं, कोरडं आणि सारखं.

"तेच का?" वर्नाने विचारलं.

"तेच. दोन महिने झाले. खोकतं आणि खातं, खातं आणि खोकतं. जगलं म्हणायचं." डार्लीनने हात कोटाच्या खिशात घातले. "गॉर्डनच्या बायकोचा फोन आला होता. अकरा?"

"अकरा."

"माझ्याकडे क्रीम आहे बघ. कंपनीने नाताळात पाठवलेलं. दोन डबे. कालवडीला चाटव, निदान गाल तरी मऊ होतील."

हे तिला ऐकून घ्यावंच लागणार होतं, आणि डार्लीनने एवढ्यावर भागवलं हे उपकारच होते.

"माझ्या नऊ पिशव्या तुझ्याच शेडमध्ये पडल्यात," डार्लीन म्हणाली. "त्यातली घे. मी कुणाला सांगणार नाही."

"सील आहे."

"हो. सील आहे." डार्लीन तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर वर्नाला सोपं गेलं असतं. "मग आर्वोकडे जा. त्याची गाय काल संध्याकाळी व्याली."

"आर्वोकडे मी जाणार नाही."

"नको जाऊस," डार्लीन म्हणाली, आणि खोकणाऱ्या वासराकडे वळली.

वर्ना घरी परतली. कालवड उठून उभी राहिली होती आणि पॅन्सीच्या कासेला ढुशा देत होती. सडाला तोंड लावायची, चोखायची, पुन्हा ढुशी मारायची. वर्नाने शेडमध्ये जाऊन खिळ्यावरची पक्कड काढली आणि फ्रीझरसमोर उभी राहिली. चित्रातली बाई डोळे मिटून गालाला हात लावून होती. लाल सील पकडीच्या एका दाबाने तुटलं असतं. शेजारणीच्या वासराला नाही म्हटलं, आणि आता स्वतःच्या कालवडीसाठी? पुन्हा डार्लीनला तोंड कोणतं दाखवणार? तिने पक्कड खिळ्यावर इतक्या जोरात अडकवली की खिळाच भिंतीतून सुटला. खिळा, पक्कड, सगळं तिथेच जमिनीवर टाकून ती गाडीकडे गेली. अकरा वाजून गेले होते.

आर्वो राउतिओ चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि आता फक्त दोन गाई ठेवून होता. त्या भागात फॉर्मवर सही न करणारा तो एकटाच. सभेत उठून म्हणाला होता, बायकांच्या गालांना चीक आणि वासरांना पाणी, असं होईल बघा. वर्ना सगळ्यांसमोर म्हणाली होती, आर्वो, तुम्ही चंद्रावर गेलात तरी तिथेही तुमच्या आजोबांच्या काळातल्याच गोष्टी सांगाल. हॉल हसला होता. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. दुकानात समोरासमोर आले की आर्वो खिळ्यांचे डबे बघायला लागायचा.

त्याने दार उघडलं, तिच्या बुटांकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

स्वयंपाकघर ओव्हनने उबदार झालं होतं. टेबलावर खोलगट तवा होता, काठोकाठ पिवळ्याधमक चिकाने भरलेला, अजून कच्चा. खरवस. इथल्या फिनिश, म्हणजे फिनलंडहून आलेल्यांच्या घरांत गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस ओव्हनमध्ये भाजायचा, वर तपकिरी डाग पडेपर्यंत, हे ठरलेलं. टेबलाच्या टोकाला हिल्मा बसली होती, आर्वोची बायको, गळ्यात रुमाल, हातात चमचा. एके काळी ती रविवारी चर्चच्या शाळेत वर्नाला शिकवायची. आता तिला आपल्या मुलांची नावं आठवत नव्हती.

"झाला का?" हिल्माने विचारलं.

"ओव्हन तापतोय," आर्वो म्हणाला. मग वर्नाला, "बोल."

वर्नाने सांगितलं. पॅन्सी, गळणारे सड, अकरा, कालवड. सांगताना ती आर्वोकडे न बघता तव्याकडे बघत होती. तो काय बोलेल याची वाक्यं ती गाडीतच स्वतःशी म्हणून आली होती, आणि प्रत्येकावर उत्तरही तयार ठेवलं होतं.

"मीठ घातलंय चिमूटभर," आर्वो म्हणाला. "साखर अजून नाही. मिठाने काही होत नाही वासराला. मीटर आणलंयस?"

तिने खिशातून मीटर काढलं. काचेवर थेंब टाकला, खिडकीकडे धरलं. एकोणतीस.

"मिठाने एखादा आकडा चढला असेल," ती म्हणाली.

"चढू दे. नरसाळं त्या खणात आहे."

एवढंच. टोमणा नाही, सभेची आठवण नाही, चंद्र नाही. तवा वर्नाने धरला आणि बाटली त्याने. चीक जाड धारेने नरसाळ्यातून उतरू लागला. पहिली बाटली भरली, मग दुसरी.

"ते माझं आहे," हिल्मा म्हणाली.

"आहेच तुझं. उद्या करू."

"उद्या?"

"उद्या, हिल्मा."

वर्नाने मान खाली घातली. उद्याच्या दुधाचा असा घट्ट खरवस होत नाही. दुसऱ्या दिवशीचं दूध पातळ पडतं, ते नीट धरत नाही, हे आर्वोला तिच्याहून जास्त माहीत होतं. त्याची दुसरी गाय ऑक्टोबरात व्यायची होती, आणि ऑक्टोबरपर्यंत हिल्मा खरवसाचं नाव तरी ओळखेल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं.

हिल्माने हात पुढे करून तवा स्वतःकडे ओढला. तळाशी उरलेला चीक तिने दोन बोटांनी निपटून घेतला. वर्नाला वाटलं, चाटेल. पण तिने वर्नाचा हात धरला आणि फुटलेल्या बोटांच्या पेरांवर तो चोळू लागली, एकेक पेर, निवांत.

"किती फुटलेत गं हात," ती म्हणाली. "आई नाही का तुला? आमची आई आधी हाताला लावायची, मग आम्हाला द्यायची."

वर्नाच्या घरी कंपनीच्या क्रीमचे तीन डबे होते, एकही न उघडलेला. एवढं महागाचं रोजच्या हाताला कोण लावणार. तिने हिल्माच्या हातातून हात काढून घेतला नाही. वेळ जात होता हे कळत असूनही काढला नाही.

आर्वोने भिंतीकडे जाऊन ओव्हनचं बटण फिरवलं. ते बंद झाल्याचा आवाज झाला तसं हिल्माने वर पाहिलं.

"झाला का?"

कालवड बारा वाजून दहा मिनिटांनी पहिली बाटली प्यायली, आणि दुसरीही पाऊण संपवली. पिताना शेपूट हलत होतं. तोंडाभोवती पिवळा फेस लागला होता, आणि ती वर्नाच्या कोटाचं बटण चोखायला बघत होती. वर्ना पेंढ्यात बसून होती. आता आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. गळणाऱ्या पॅन्सीवर, उंदरांवर, कंपनीवर, आणि सगळ्यांत जास्त आर्वोवर. म्हाताऱ्याने एक शब्द तरी बोलायचा होता. दोन शिव्या दिल्या असत्या तर हिशेब तिथल्या तिथे मिटला असता आणि ती सुखाने घरी आली असती. आता ती बटण फिरवल्याचा आवाज घेऊन आली होती, आणि तो काही जाईना.

ती उठली. शेडमध्ये गेली. जमिनीवरची पक्कड उचलली आणि दाबली. लाल सील दोन तुकडे होऊन खाली पडलं.

स्वतःच्या नावाची पिशवी शोधायला तिला थोडा वेळ लागला. तिच्या गाईंच्या पिशव्या तळाशी होत्या. चिठ्ठीवर तिचंच अक्षर: क्लोव्हर, एप्रिल, मीटर सव्वीस. तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात थर्मामीटर धरला, आणि पाणी जास्त गरम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने गार पाणी घालत राहिली. वासरासाठी वितळवताना करायची ती सगळी काळजी तिने घेतली. तो चीक शेवटी भाजायचाच होता, त्याला एवढ्या लाडाची गरज नव्हती, हे तिच्या अर्ध्या तासाने लक्षात आलं. तरी तिने तसंच पूर्ण केलं.

तीन वाजता आर्वोने दार उघडलं. त्याने पिशवीकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, मग वर्नाकडे पाहिलं.

"हे फ्रीझरमधलं."

"ओव्हन लावा," वर्ना म्हणाली.

तिला आत बोलावलं, पण ती थांबली नाही. पायऱ्या उतरताना आतून हिल्माचा आवाज आला, काहीतरी विचारत असलेला, आणि आर्वोचं उत्तर: हो, तापतोय.

सोमवारी आठ वाजता ट्रक आला. ड्रायव्हर कोडी, पंचविशीतला, शहरातला. त्याने सीलचे तुकडे पाहिले, झाकण उघडलं, पिशव्या दोनदा मोजल्या.

"त्रेपन्न," तो म्हणाला.

"हो."

"वासरू अडचणीत होतं?" त्याने फॉर्म काढला, पेनचं टोपण दातांनी उघडलं. "तसं लिहितो. काळजी करू नका, वर्ना. जीव वाचवायला एखादी पिशवी घेतली तर वरचे लोक काही म्हणत नाहीत. उत्तरेकडच्या केंद्राने जानेवारीत घेतली होती. आधी फोन करून विचारलं, हो म्हणाले, संपलं. मी स्वतः नवीन सील घेऊन गेलो होतो."

शेडच्या पलीकडे कालवड हंबरली, भुकेने, ठणठणीत.

"जानेवारीत," ती म्हणाली.

"हो. नुसतं विचारायचं असतं."

फेब्रुवारीत डार्लीन सपाता घालून इथेच उभी होती. शेडमधला फोन त्या खांबावर होता, वर्नाच्या हातापासून दोन पावलांवर.

"वासरासाठी, ना?" कोडीने विचारलं.

"नाही. वासरासाठी नाही."

"मग?"

"खरवसासाठी."

कोडीला तो शब्दच माहीत नव्हता. वर्नाने सांगितलं, एक गोड पदार्थ, ओव्हनमध्ये करतात. त्याने पेन खाली केलं.

"हे बघा, पदार्थासाठी असं लिहिलं तर केंद्र जाईल. वासरू लिहू या ना. तिकडे ओरडतंयच की एक."

वर्नाने त्याच्या हातातून फॉर्म आणि पेन घेतलं. कारणाच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात 'खरवसासाठी' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि फॉर्म परत दिला. कोडीने तो वाचला, खांदे उडवले आणि पिशव्या ट्रकमध्ये चढवायला लागला.

ट्रक रस्त्याला लागल्यावर ती खांबावरच्या फोनजवळ गेली. हात रिसीव्हरवर ठेवला, मग काढून घेतला. जानेवारीची गोष्ट डार्लीनला फोनवर सांगण्यासारखी नव्हती. तिने बूट चढवले आणि गाडीची किल्ली शोधू लागली.